चौदा वजा

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे, पण माझं आयुष्य भिंतीवर गेलं नाही, जीपच्या दारावर गेलं. चालकाच्या बाजूला, बाहेरच्या आरशाखाली, दोन स्क्रूंनी मला पत्र्याशी आवळून टाकलेलं होतं. पोटात पाऱ्याची बारीक रेघ आणि बाजूला आकडे, एवढाच माझा जीव.

मला घडवलं तेव्हा आधी बर्फाच्या चुऱ्यात उभं केलं. पारा जिथे थांबला तिथे पहिली खूण पडली. मग मोजून तापवलेल्या पाण्यात बुडवलं आणि दुसरी खूण पडली. देवापुढे वात लावताना माणूस जसा मन लावून लावतो, तसंच मन लावून कारागिरानं मधल्या रेघा ओढल्या. दिसेल ते सांगायचं, त्यात पदरचं काही घालायचं नाही, हा नेम मला तिथेच मिळाला. आयुष्यभर मी तो मोडला नाही. तरीही माझ्यामुळे एक बाई गेली. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

पहिली काही वर्षं सुखाची होती. पिकांची पाहणी करणारे लोक जीपमधून गावोगाव हिंडत आणि चालत्या गाडीत माझा आकडा वहीत उतरवत. गाडी चालू असली की चारी बाजूंनी वारा लागतो. त्या वाऱ्यात मी हवेची खरी उष्णता सांगतो. पण तीच गाडी उन्हात उभी राहिली की माझ्या मागचा पत्रा तव्यासारखा तापतो, बॉनेटची धग वर येते, ऊन थेट काचेवर पडतं. मग मी हवेची नव्हे, पत्र्याची उष्णता सांगू लागतो. पाहणीवाल्यांना हे ठाऊक होतं. उभ्या गाडीत ते माझ्याकडे बघतसुद्धा नसत.

पुढे जीप दुसऱ्या कामावर गेली. मी पत्र्यासोबत गेलो, ती समज मात्र मागेच राहिली.

ते त्र्याहत्तर साल होतं. लागोपाठ पाऊस रुसला होता. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या. वडनेर भोलजीच्या पलीकडे एका पाझर तलावाचा बांध घालायचं दुष्काळी काम निघालं होतं. पुरुष मुरूम खणत आणि बाया घमेल्यांनी तो बांधावर नेऊन टाकत. कामावर देखरेख करायला नारायणराव नावाचे ओव्हरसियर होते. मनानं वाईट नव्हते. उन्हात माणसं पडू नयेत म्हणून त्यांनी स्वतःच एक शिस्त घातली होती. जीपवरचा पारा एकशे दहाच्या वर गेला, की मुकादमानं शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी चार वाजेपर्यंत सावलीत बसायचं. तेव्हा आमच्या अंगावर फॅरनहाइटचे आकडे असत. एकशे दहा म्हणजे आजच्या हिशेबानं त्रेचाळीस.

मुकादम होता पुंजाजी. चौथी शिकलेला, गळ्यात दोरीला शिट्टी बांधून मिरवणारा. त्याच्या टोळीतच त्याची मोठी भावजय झुंबरबाई घमेली वाहायची. पन्नाशीला आलेली, अंगानं काटकुळी, बोलणं कमी. तिनं गावच्या मारुतीपुढे शब्द दिला होता, की पाऊस पडेपर्यंत दर एकादशीला पाण्याचा थेंबही घेणार नाही.

चैत्रातल्या एकादशीला मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. जीप बांधावर भर उन्हात उभी होती. गाडी सगळ्यांना दिसली पाहिजे, म्हणजे साहेब इथेच आहेत हे कळतं, असा नारायणरावांचा हुकूम असे. साडेदहालाच माझा पारा एकशे बाराला टेकला. शिट्टी झाली. बाया बांधाजवळच्या कडुनिंबाखाली गेल्या. झुंबरबाई पदर तोंडावर घेऊन आडवी झाली आणि चार वाजता उठून पुन्हा घमेलं उचललं.

"कसं जमते वं तुले?" तिच्या जोडीची कलाबाई म्हणाली. "मले तं चहा नाई भेटला तं डोकं धरते."

"दुपारी पडाले भेटते ना," झुंबरबाई म्हणाली. "शिट्टी हाये म्हणून निभते बाई."

मित्रांनो, तो आकडा पत्र्याचा होता. हवेत तेव्हा शंभरही नसतील. पण माझ्या त्या खोट्या आकड्यानं तिची एकादशी निभावून नेली.

रोज साडेदहाला शिट्टी होऊ लागल्यावर बांध काही उंच होईना. वरून मोठे साहेब तपासणीला आले. त्यांच्याकडे स्वतःचा तापमापक होता. त्यांनी तो निंबाच्या फांदीला छातीइतक्या उंचीवर टांगला आणि थोड्या वेळानं वाचला. एकशे सहा. मग माझ्याकडे आले. एकशे वीस.

"नारायणराव, तुम्ही जीपचा पत्रा मोजताय," ते म्हणाले. "गाडी उन्हात उभी असेल तर यातून चौदा वजा करत जा. निम्मा दिवस लोक झोपताहेत आणि तुम्ही त्यांना अंगाई म्हणताय."

चार माणसांदेखत बोलले. नारायणरावांचा चेहरा उतरला. साहेबांची गाडी गेल्यावर त्यांनी वहीच्या कागदाची एक पट्टी फाडली आणि गोंद लावून माझ्या आकड्यांखाली चिकटवली. पट्टी होती बोटभर. गाडी उन्हात असेल तर, हे शब्द त्यांच्या ध्यानात होतेच, म्हणून ते त्यांनी लिहिले नाहीत. पट्टीवर एवढंच लिहिलं, "चौदा वजा".

त्या दिवसापासून मला कोणी मानेना. जीपचा चालक शालिग्राम येता-जाता मला टिचकी मारून म्हणायचा, "काय बे लबाडा, आज किती वाढवून सांगतं?" बाकीच्यांनी पुंजाजीला धरलं. "मुकादम घरच्या बायाइसाठी शिट्टी फुंके," असं बोलणं उठलं. पुंजाजी हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याच्या मनाला लागलं होतं. तो आता पट्टीवर बोट ठेवून, ओठ हलवून वजाबाकी करायचा, आणि एकाचाही फरक पडू द्यायचा नाही. आठ-दहा दिवस ते बरोबरही होतं, कारण गाडी रोज उन्हातच उभी असे. शिट्टी आता बाराच्या सुमारास व्हायची.

मग वैशाखातली शुद्ध एकादशी आली.

त्या दिवशी नारायणराव मोठ्या साहेबांच्या गाडीतून मलकापूरला बैठकीला गेले. जाताना पुंजाजीला म्हणाले, "पाऱ्यावर लक्ष ठेव. पट्टी आहेच." जीप शालिग्रामजवळ राहिली. साहेब नाहीत, मग गाडी बांधावर कोणाला दाखवायची? शालिग्रामनं ती सरळ निंबाच्या दाट सावलीत नेली, मागच्या सीटवर पाय पसरले आणि तोंडावर टॉवेल टाकला.

कितीतरी दिवसांनी माझ्या पाठीचा पत्रा निवत गेला. पारा हळूहळू हवेच्या खऱ्या आकड्यावर येऊ लागला. मला बरं वाटलं. आज आपण खरं सांगणार, याचंच बरं वाटलं. बारा वाजता पुंजाजी आला. मी एकशे तेरावर होतो.

त्यानं पट्टीवर बोट ठेवलं. ओठ हलवले. "नव्व्याण्णव," तो म्हणाला.

शालिग्रामनं टॉवेल बाजूला केला. "नव्व्याण्णव? मंग घोंगडं आनू काय मुकादम? मले तं थंडी वाजून राह्यली."

"थट्टा नको करू बे. मले बी चटके बसून राह्यले."

"मंग फुंक ना शिट्टी."

"आन् उद्या म्हनतीन, साहेब नव्हते तं भावजयीले झोपवलं. आज एकादशी हाये, सगळ्याइले ठाऊक हाये." पुंजाजीनं घाम पुसला. "पट्टी काय म्या लावली? साहेबानं लावली. थे काय येडे हायेत?"

शालिग्रामनं कूस बदलली.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मला फक्त एक रेघ आहे, आणि ती मी एकशे तेरावर धरून ठेवली होती.

पुंजाजी बांधाकडे गेला. झाडापासून बांध जवळच होता, बोलणं ऐकू यायचं. झुंबरबाई रिकामं घमेलं घेऊन उतरत होती.

"भावजी, आज शिट्टी काऊन नाई वाजली?"

"वयनी, नव्व्याण्णव हाये."

ती थोडा वेळ वर आभाळाकडे बघत राहिली. "असन बापा," ती म्हणाली. "मलेच लागत असन. पोटात काई नाई ना."

एकापाठी एक घमेली वर जात होती. एक वाजला. कलाबाई पिंपातलं पाणी तांब्यात घेऊन तिच्यामागे गेली.

"एक घोट घे वं. मारुतीले समजते."

"त्याले समजन. पण म्या तोंडानं बोलून बसली ना कला. त्याले कायले तोंडघशी पाडू? आता शिट्टी होईनच."

"नाई होत आज शिट्टी."

"होईन. रोज होते."

मी तिच्या व्रताला बोल लावत नाही. शब्द पाळणाऱ्या बाईची थोरवी मला कळते, कारण माझाही एकच नेम आहे. पण तिनं तो नेम दुपारच्या सावलीच्या भरवशावर धरला होता, आणि सावलीचा निवाडा माझ्यावर सोपवलेला होता.

दोन वाजायच्या सुमारास तिच्या डोक्यावरून घमेलं घसरलं. मुरूम पायाशी सांडला. ती वाकून तो हातांनी गोळा करू लागली, आणि गोळा करता करताच खाली बसली. कलाबाईनं हात लावला तर अंग कोरडं होतं. घाम थांबला होता. पुंजाजी धावत आला. चौघांनी तिला उचलून निंबाखाली, माझ्या दाराशी आणून ठेवलं. कलाबाईनं पाण्यात बुडवलेला पदर तिच्या तोंडावर पिळला. ओठांवर थेंब पडले तेव्हा तिनं मान दुसरीकडे वळवली. शुद्धीत होती की नव्हती, कोण जाणे. पण मान वळवली.

"गाडी काढ शालिग्राम," पुंजाजी म्हणाला. "नांदुऱ्याले चाल."

तिला मागे निजवलं. कलाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. पुंजाजी पुढे बसला. गाडी हायवेला लागली आणि वारा माझ्या अंगावरून वाहू लागला. जळजळीत वारा, पण खरा. निम्म्या वाटेवर शालिग्रामची नजर आरशाकडे जाता जाता माझ्यावर पडली. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"मुकादम."

"काय?"

"चालत्या गाडीत बी एकशे तेराच दाखवून राह्यला."

पुंजाजी वाकून पाऱ्याकडे बघू लागला.

"झाडाखाली बी तेवढाच होता ना? मंग यानं वाढवून काई सांगतलंच नाई. हा खरंच सांगून राह्यला होता."

पुंजाजीनं दोन्ही हातांनी गळ्यातली शिट्टी धरली. मागून कलाबाईचा हळू आवाज आला, "आता गाडी सावकाश चालवली तरी चालन, भाऊ."

नांदुरा अजून दोन कोस होतं.

दुसऱ्या दिवशी नारायणराव आले. त्यांना वाटेतच सगळं कळलं होतं. ते माझ्यापाशी उभे राहिले, पट्टीकडे पाहिलं, आणि नखानं ती खरवडून काढली. दुपारी मोठे साहेब चौकशीला आले. कागदावर लिहिलं गेलं, की सदर बाई निर्जळी उपवासामुळे दगावली. माझं नाव त्यात कुठे नव्हतं. पट्टीचंही नव्हतं.

"साहेब, तिथं कागद होता ना एक?" पुंजाजीनं नारायणरावांना बाजूला घेऊन विचारलं.

"कुठला कागद?" नारायणराव म्हणाले. पण त्याच्याकडे न बघता म्हणाले.

वैशाख संपत आला तरी पाऊस नव्हता. वद्य एकादशीला जीप पुन्हा बांधावर उन्हात उभी होती. टोळीत झुंबरबाईच्या जागी तिची लेक शालूबाई घमेली वाहत होती. अकरा वाजले. पुंजाजी बांधाच्या टोकाशी उभा राहून बराच वेळ एकेका बाईकडे बघत होता. कोणाची पावलं अडखळतात, कोणाच्या ओठांना भेगा पडल्यात, कोणाचा घाम थांबलाय. मग त्यानं शिट्टी तोंडाशी नेली आणि लांब फुंकली. बाया खाली उतरू लागल्या.

नारायणराव तरातरा आले. "किती झाला पारा?"

"नाई पाह्यला साहेब."

"मग शिट्टी कशावर वाजवली?"

"बाया पाह्यल्या," पुंजाजी म्हणाला.

नारायणरावांनी उतरणाऱ्या बायांकडे पाहिलं. मग ते स्वतःच पिंपाकडे गेले, तांब्या भरला आणि शालूबाईपुढे धरला.

मित्रांनो, पुढे जीप मोडीत गेली. स्क्रू काढून मला कोणीतरी शाळेला दिलं. आता माझी काच डागाळली आहे, पण पारा शाबूत आहे. माझी एवढीच विनवणी आहे. माझ्यासारख्याला वाचण्याआधी तो कुठे उभा आहे ते पाहा, उन्हात की सावलीत, तापल्या पत्र्याला टेकून की मोकळ्या वाऱ्यात. एकदा चुकला म्हणून त्याला कायमचा लबाड ठरवू नका, आणि बरोबर आला म्हणून डोळे मिटून त्याच्या हवाली कोणाचा जीव करू नका. आकडा वाचून झाला, की त्या उन्हात जो राबतो आहे त्याच्या तोंडाकडे एकदा बघा. ते मला कधीच जमलं नाही. मी दाराला जखडलेला होतो. तुम्ही नाही.