उरलेलं नाव

“सटवा,” दगडाबाई म्हणाली आणि डाव्या हातानं तांब्या दाखवला.

हरिबानं तिला पाणी पाजलं. हनुवटी पुसली. उशी सरळ केली.

“सटवा,” ती पुन्हा म्हणाली.

“सटवा न्हाई गं, मी हाय. सटवा बसलाय तिकडं परळीला, पंख्याखाली.”

चुलीपाशी बसलेली सून ऋतुजा तोंडाला पदर लावून हसली. हरिबाला हसू आलं नाही.

दिवाळीनंतर दगडाबाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं गेलं. महिन्याभरानं शब्द फुटला, तो सटवा. तिचा धाकटा भाऊ. तेव्हापासून पाणी पाहिजे तरी सटवा, पाठ दुखली तरी सटवा, कोकरू घरात शिरलं तरी सटवा. उभा जन्म हरिबाच्या मागं मेंढरांबरोबर उन्हातान्हात हिंडली आणि डोक्यात जपून ठेवला तो भाऊ.

अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. “आजोबा, बोलण्याची जागा मेंदूत डाव्या बाजूला असते. तिथं रक्त पोचलं नाही. आजींना तुमचं बोलणं बरंचसं कळतं, पण त्यांना शब्द सापडत नाहीत. कुणाकुणाचा एकच शब्द उरतो. म्हणायचं असतं दुसरंच, तोंडून येतो तोच.”

“मंग माजं नाव कावून न्हाई उरलं?”

“त्या तुम्हाला नावानं हाक मारायच्या का?”

नवऱ्याचं नाव घेणारी बाई त्यांच्या वस्तीवर नव्हती. दगडाबाई त्याला ‘अवं’ म्हणायची. सोमेश्वर झाल्यावर ‘सोमाचं बा’.

तरी त्यानं शिकवायला घेतलं. रोज मेंढरं सोडायच्या आधी तिच्यासमोर बसायचा.

“म्हन. ह-रि-बा.”

ती डाव्या हातानं पदर कपाळावर ओढायची आणि खाली बघायची.

“आगं, आता कुनाला लाजती? म्हन की.”

“सटवा,” ती पदराआडून म्हणायची.

काठी आपटत हरिबा मेंढरांमागं निघायचा. दिवसभर रानात त्याला दुसरं काही सुचायचं नाही.

संक्रांतीला सटवा आला. परळीत त्याची पिठाची गिरणी होती, तिथून सवड काढून, केळी घेऊन आला.

“सटवा,” दगडाबाई म्हणाली. त्याचे डोळे भरून आले.

“बगा दाजी, अक्का समदं इसरली, पर मला न्हाई.”

“व्हय बाबा. गू-मूत मी काडतो, नाव तुजं,” हरिबा म्हणाला आणि उठून मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसला.

घरातून हाक आली, “सटवा.” मग चिडून, मोठ्यानं, “सटवा!”

हरिबा मेंढीच्या खुरातला काटा काढत राहिला. आहे की तिचा भाऊ. करू दे त्याला.

थोड्या वेळानं सटवा वाड्याच्या तोंडाशी आला. तोंड उतरलेलं.

“दाजी, चला. मी पानी दिलं, तिनं सांडलं. उशी दिली, लोटून दिली. दाराकडं बगती अन् वरडती. ती मला न्हाई बलावत.”

हरिबा आत गेला. दगडाबाईनं त्याची बाही धरली. “सटवा,” हळूच म्हणाली आणि डोळे मिटले.

त्या दिवसापासून तो ओ द्यायला लागला. “आलो,” म्हणायचा. शिकवणं बंद केलं. पण सटवाचा फोन आला की ऋतुजाला सांगायचा, “निजलीय म्हन.” मग ती जागी का असेना.

उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा वारं गेलं, त्यात ती गेली.

दारात अंघोळ घातली. अहेव बाई गेली की अंगावर माहेरचं लुगडं पडतं, भावाच्या हातानं. सटवा हिरवं लुगडं घेऊन माणसांच्या मागं उभा होता. हरिबा भिंतीला टेकून बसला होता.

“सटवाऽ,” भावकीतल्या म्हातारीनं हाक मारली.

“आलो, आलो,” म्हणत हरिबा उठला आणि हात पुढं करून निघाला.

अंगणातली माणसं वळून बघायला लागली. हरिबा मधेच थांबला. हात तसेच पुढं राहिले.

सटवानं घडी न मोडता लुगडं त्या हातांवर ठेवलं.