धुतलेले बटाटे

सासऱ्यांनी जन्मभर गवंडीकाम केलं आणि म्हातारपणी ते बटाट्यांच्या नादी लागले. त्यातही हौस अशी, की मातीने माखलेला बटाटा गोदामात जाता कामा नये. कपडे धुण्याच्या जुन्या मशीनची मोटर बसवून त्यांनी बटाटे धुवायची टाकी बांधली होती, आणि येईल त्याला ती आधी दाखवत, मग पाणी विचारत.

गेल्या वर्षी गोदामातला बराच माल सडला. यंदाही तसंच झालं, तर माल उचलणारा व्यापारी पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नव्हता. सासऱ्यांनी खापर गळक्या छपरावर फोडलं. सुनेने मात्र थेट टाकीकडे बोट दाखवलं. पिकांचे रोग हाच तिचा अभ्यास. प्रयोगशाळेत सडक्या बटाट्यांशी तिची रोजचीच गाठ.

“बाबा, पाण्यात एक सडका बटाटा पडला तरी त्याचे जंतू सगळ्यांना लागतात. जरा खरचटलं असेल, तिथून आत शिरतात.”

“एवढा टणक बटाटा ते फोडतात कसा?”

“फोडत नाहीत. तुमच्या विटांमध्ये सिमेंट असतं ना, तसं पेशींच्या भिंतींमध्ये पेक्टिन असतं. जंतू ते विरघळवतात. थोडे असतात तोवर गुपचूप बसतात. गर्दी जमली की सगळे मिळून ते विरघळवणारा रस सोडतात.”

सिमेंट गेलं की भिंतीचं काय होतं, हे सासऱ्यांना कुणी सांगायला नको होतं. पण टाकी त्यांची होती ना!

“माझ्या टाकीला नावं ठेवू नकोस.”

“मग लावा पैज. निकाल लागेपर्यंत उरलेला माल धुवायचा नाही.”

निम्मा माल धुऊन झालाच होता. तिने एक धुतलेला आणि एक मातीचा बटाटा ओल्या कागदात गुंडाळला, पिशव्यांत बांधला आणि फ्रीजवर उबेला ठेवला. धुतलेला सडणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

व्यापारी आला त्या दिवशी सासऱ्यांनी त्याच्यासमोरच पिशव्या सोडल्या. मातीचा बटाटा टणक. धुतलेलाही चकचकीत, साल अखंड, वास नाही. सासऱ्यांची कळी खुलली.

“बघा आमचा माल!” म्हणत त्यांनी तो व्यापाऱ्यापुढे धरला, आणि अंगठा सालीतून थेट आत गेला. पांढरा लगदा मनगटावर ओघळला.

सुनेला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण त्यांचं पडलेलं तोंड बघून तिने हात पुसायला फडकं पुढे केलं. व्यापारी उठू लागला. ती काही बोलणार, तोच सासरे म्हणाले,

“बसा. निम्मा माल अजून मातीत आहे, हिने धुऊ दिला नाही. तो न्या. धुतलेला मी तुम्हाला फुकटही देणार नाही.”

व्यापारी पुन्हा टेकला. सासरे हात पुसत टाकीकडे बघत राहिले.

“आता हिचं काय करू?”

“कपडे धुवा, बाबा,” सून म्हणाली.

सासरे खो खो हसत सुटले आणि टाकीचं बूच काढायला स्वतःच वाकले.