लांबच्या वाटेची आकडी

मी आकडी बोलतेय. फळं तोडायची काठी. दाराआड उभी आहे, पण ती नावालाच. मला एका जागी राहवत नाही, त्यात हे रानआलुबुखार पिकायचे दिवस! पिकतात काय, गळतात काय, सगळी घाईच.

मला आमच्या सुतारानं बनवलं. लांब काठीच्या टोकाला मोडक्या बादलीची कडी वाकवून बसवली आणि बायकोला म्हणाला, "घे, आता काटे टोचले म्हणून माझ्या नावानं खडे फोडू नकोस." तो गेला, मी राहिले. त्याची बायको म्हणजे आमची म्हातारी.

आलुबुखाराची जाळी फक्त तिला ठाऊक. विटांच्या बंद भट्टीमागे, घरापासून हाकेच्या अंतरावर. पण ती सरळ तिकडे गेली असेल तर शपथ! शेजारीण बादली घेऊन मागावर असायची ना. म्हणून आधी नदीकडे, मग पुलाखालून, मग गोदामांना वळसा घालून, तिच्या हातावर तुरी देऊनच भट्टीकडे. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. बरं, सुनेलाही शेवटच्या वळणावरच बसवायची. "तू इथंच थांब. कुणी आलं तर खोकायचं."

घरी मात्र दोघी एकाच पातेल्यावर वाकायच्या. सून झाऱ्यानं बिया काढायची. म्हातारी थंड बशीत जॅमचा थेंब टाकून बशी तिरकी करायची; थेंब ओघळला की जॅम अजून कच्चा. "पळतोय अजून. ढवळ!"

यंदा म्हातारीला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आली ती जेवेचना. चमचा दिसला की मान फिरवायची. सून अगदी रडकुंडीला आली. शेवटी तिनं बरणीच्या तळाचा जुना जॅम बोटावर घेऊन ओठांना लावला. म्हातारीनं ओठ चाटले आणि तोंड उघडलं! त्या जॅमवर चार घास गेले. मग बरणी रिकामी झाली, आणि पुन्हा मान फिरली.

सून मला घेऊन धावली. कुठं? नदीकडे! अगं बाई, मागे फिर, भट्टी मागे राहिली, मी आतल्या आत ओरडत होते. लाकडाला कोण विचारतंय? शेवटच्या वळणापुढची वाट ठाऊक नाही, म्हणून दिवसभर झुडपं धुंडाळून, हात ओरबाडून घेऊन ती परतली आणि म्हातारीच्या पायाशी बसली. "इतकी वर्षं तुमच्याबरोबर आले, आई, आणि मला जागाच माहीत नाही. फळं गळून जातील हो!"

म्हातारीनं डाव्या हातानं माझ्याकडे बोट दाखवलं.

सकाळी तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि मला तिच्या हातात दिलं. फाटकाबाहेर भट्टी डावीकडे. बाईनं मला रोखलं उजवीकडे, नदीच्या दिशेनं! अहो, आता तरी सोडा! तेवढ्यात दिसली शेजारीण, बादलीसकट. मग काय, नदी, पूल, गोदामं, सगळी वरात फिरली. खुर्चीची चाकं कुरकुरत होती, सून घामानं निथळत होती.

शेवटचं वळण आलं. सवयीनं सुनेचे पाय थांबले. तिनं खुर्ची सोडली, एक पाऊल मागे सरली. "मी थांबते इथं," म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

म्हातारीनं मला मागे फिरवलं, माझी कडी सुनेच्या बाहीत अडकवली आणि पुढे ओढलं. एवढ्या फांद्या ओढल्या मी, पण असं वजन कधी जाणवलं नव्हतं.

आता पातेलं रटरटतंय. सुनेनं बशी तिरकी करून समोर धरली. "पळतोय का, आई?" म्हातारीनं नकारार्थी मान हलवली आणि आपणहून तोंड उघडलं.

वरच्या फांद्या अजून राहिल्यात. उद्या जायचंय, मला आत्ताच निघावंसं वाटतंय. बोलण्याच्या भरात जागा मात्र सांगून बसले मी. एवढं करा, त्या वळणावर शेजारीण दिसली, तर खोका.