आधी धर, मग सोड

“आगं, मी धरल्याबिगर सोडायलीस व्हय? पडंल ना लेकरू!” मनकर्णाबाईंनी नातीला झटकन छातीशी ओढलं. “आधी मला धरू दे, मग सोड. जा आता, मी हाय इथं.”

सून तनुजा परीक्षेसाठी कॉलेजच्या कॉम्प्युटर प्रयोगशाळेत शिरली, पण तिचे कान दाराबाहेरच राहिले. डिप्लोम्याचा हा एकच विषय बाळंतपणात राहून गेला होता. तो सुटला तर बिडकीनच्या कंपनीतली जागा नक्की होती. छावणी भागातल्या घरातून निघताना सासऱ्यांनी बजावलं होतं, “यंदा नाय झालं तर पुस्तकं माळ्यावर. लेकराचे लई हाल झाले.”

सी भाषेत प्रोग्राम लिहायचा होता. नावं कशीही टाका, लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे नावांच्या साखळीत, प्रत्येकानं आपल्या जागी बसायचं आणि शेवटी वर्णक्रमाने छापून यायचं. प्रत्येक नावाच्या हातात फक्त पुढच्याचा पत्ता. तिनं दोन नावं टाकून पाहिली, नीट आली.

परीक्षक मागं येऊन उभे राहिले. “टाका. सुरेखा. आता अनंत. आता लक्ष्मी.”

पडद्यावर अनंत उमटला. मग लक्ष्मी. मग पुन्हा लक्ष्मी, लक्ष्मी, लक्ष्मी... थांबेचना. सुरेखा कुठंच नव्हती.

“लक्ष्मी एवढी भरभरून कुणाकडं येत नसते, मॅडम,” परीक्षक म्हणाले. “मागची रांग बघून येतो. तोवर जमवा.”

तेवढ्यात बाहेर पोरगी रडू लागली. तनुजाच्या छातीला कळ लागली, पान्हा फुटून कुर्ता ओला झाला. तिनं ओढणी पुढं ओढली. अक्षरं डोळ्यांपुढं नाचत होती. मग रडणं एकदम थांबलं, आणि ते जास्तच जिव्हारी लागलं. ती अर्धवट उठली. आधी मला धरू दे...

ती खाली बसली. अनंतनं लक्ष्मीला धरण्याच्या घाईत सुरेखाचा हात आधीच सोडला होता. मग लक्ष्मीनं धरायचं कुणाला? ती स्वतःलाच धरून फिरत बसली होती. तनुजानं दोन ओळींची अदलाबदल केली. आधी लक्ष्मीनं सुरेखाला धरायचं, मग अनंतनं सोडायचं.

अनंत. लक्ष्मी. सुरेखा. पडदा थांबला.

“हं,” म्हणत परीक्षकांनी सही केली.

बाहेर जिन्याच्या पायरीवर मनकर्णाबाई बसल्या होत्या. पोर खांद्यावर झोपलेली, शेजारी रिकामी वाटी.

“झालं?”

“झालं, आत्याबाई.”

“हीबी वाटीनं दूध पेली गं. पयल्यांदाच. लई रडली, मंग पेली.”

तनुजानं हात पुढं केले.

“धरलं?”

“धरलं.”

मनकर्णाबाईंनी हात सोडले. पण पोरीच्या झोपलेल्या मुठीत त्यांचा पदर तसाच होता. तनुजानं तो सोडवला नाही. एकमेकींना लागून, बेतानं, दोघी जिना उतरू लागल्या.