कुसुमच्या चिठ्ठ्या

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी सकाळी कुसुम तिळगुळाचा पाक ढवळत होती आणि ढवळता ढवळता दोन ओळी तोंडात घोळवत होती. पाक गोळीबंद व्हायला आणि यमक जुळायला साधारण सारखाच वेळ लागतो, हे तिनं अकरा वर्षांत अनुभवानं ताडलं होतं. ओळ जमली की पदराला हात पुसायचा आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून टाकायची. शिक्षण सातवी. हे कोणी शिकवलं नव्हतं. एकटं पडलेलं माणूस आपल्याशीच बोलायला लागतं, तसं ते आलं होतं.

तिचा नवरा देवीदास गुढियारीच्या मालधक्क्यावर कारकून होता. काविळीनं गेला, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कुसुमनं पाऊल टाकलं नव्हतं. तिची जागा हॉलमागच्या स्वयंपाकघरात, तिळगुळाच्या पराती भरायला. शब्द मात्र तिचेच गाजायचे. मंडळाचा रिवाज असा, की उखाण्यांच्या चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात ठेवायच्या, नवऱ्याच्या नावाची जागा मोकळी. सवाष्णीनं डब्यात हात घालायचा, निघेल ती चिठ्ठी तिथंच उघडून वाचायची आणि मोकळ्या जागी आपला नवरा बसवायचा. आधी उघडली तर गंमत गेली. निम्म्या सुना हिंदीत वाढलेल्या, त्यांचं तर त्या चिठ्ठीवाचून पानच हलत नसे. दरवर्षी पन्नास चिठ्ठ्या कुसुम लिहायची. पन्नास जणींचे नवरे तिच्या हाताखालून जायचे, आणि आपल्या नवऱ्याचं नाव घ्यायची तिलाच बंदी.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, शंकर नगरात मोठ्या साहेबांच्या बायका राहायला आल्या, तसा मंडळालाही मोठेपणाचा सोस सुटला. अध्यक्ष अनंतरावांनी उखाण्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं. महिला शाखेच्या प्रमुख शर्मिष्ठाबाई म्हणजे कुसुमची मोठी जाऊ, एकाच घरात राहणारी. त्यांनी कॅलेंडरं गोळा करून छापखान्यात नेली. कुसुमला वाटलं, आपलं नाव छापून येणार. दुपारी कोणी नसताना तिनं सही गिरवून पाहिली. नुसती नाही, 'कुसुम देवीदास' अशी.

संक्रांतीच्या चार दिवस आधी पुस्तकांचा गठ्ठा घरी आला. मुखपृष्ठावर ठसठशीत नाव होतं, 'सौ. शर्मिष्ठा'.

"ताई, हे काहून असं?"

शर्मिष्ठाबाई रागावल्या नाहीत. लहान पोरीला समजवावं तशा म्हणाल्या, "अवं, मंगल कार्याचं पुस्तक आहे. लोक लगनात आहेर म्हणून देतीन. त्याच्यावर तुहं नाव असलं तर हात कोण लावन? आन् तुले तरी आता नावाचं काय करायचं हाय?"

"हव," कुसुम म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

ते 'हव' जाऊबाईंनी होकार समजलं. विधवेच्या गप्प बसण्याला होकार समजायची चूक या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केली आहे.

त्या वर्षीच्याही पन्नास चिठ्ठ्या कुसुमनं लिहिल्या, घड्या घातल्या, डबा भरून दिला. शर्मिष्ठाबाईंनी नेहमीसारखं न बघता झाकण लावलं.

हॉलमध्ये साठ बायका होत्या. प्रकाशनाला एका बड्या अधिकाऱ्याची पत्नी आली होती. पहिला मान शर्मिष्ठाबाईंच्या नव्या सुनेचा, अनुश्रीचा. बिलासपूरची पोट्टी, मराठी अडखळत वाचायची. तिनं चिठ्ठी उघडली:

"तिळाले लागतो गुळाचा पाक, हलव्याले काटा,
पियुषरावांचं नाव घेते, कुसुमचाही त्यात वाटा."

हशा झाला. कोणीतरी विचारलं, कुसुम कोण वं? दुसरी म्हणाली, अवं, मागं तिळगूळ वळून राहिली ते. पुढची उठली:

"बूढा तालाबाच्या काठी संध्याकाळची गर्दी,
नीलकंठरावांचं नाव घेते, कुसुमनं दिली वर्दी."

आता हसू तुरळक झालं. तिसरीनं अर्धं वाचल्यावर तिला कळलं, पण तोंड उघडलं ते उघडलं:

"पुस्तकावर नाव एकीचं, घाम दुसरीचा गळे,
बाबारावांचं नाव घेते, कुसुमले सगळं कळे."

पाहुण्या बाईंनी हातातलं पुस्तक उलटंपालटं केलं आणि विचारलं, "ये कुसुम कौन हैं? किताब किसने लिखी है?"

शर्मिष्ठाबाईंनी डब्यावर झाकण दाबलं आणि वाण वाटायला सांगितलं. तेवढ्यात मागचं दार उघडलं. तिळाच्या हातांनी कुसुम हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली. दोघीचौघींनी कुंकवाच्या कोयऱ्या पदराआड ओढल्या. तिनं ते पाहिलं, प्रत्येकीचं तोंड नीट पाहून घेतलं, मग बोलली:

"कुंकू पुसलं तुम्ही माझं, पुसा आता कपाळ,
देवीदासरावांचं नाव घेते, कोणाले झाला विटाळ?"

जाऊबाईंनी ओठ हलवून पाहिले. पण त्यांचे शब्द लिहून देणारी समोरच उभी होती.

दुसऱ्या दिवशी अनंतराव स्वतः घरी आले. मंडळाची इज्जत जाऊन राहिली, आतल्या पानावर 'एका भगिनीचं सहकार्य' असं छापू, म्हणाले.

"वर छापा," कुसुम म्हणाली. "'श्रीमती' लावून, मोठ्या अक्षरात. नाही तर कसर लागू द्या गठ्ठ्याले."

अनंतरावांना कसर परवडली, श्रीमती परवडली नाही. छापलेला गठ्ठा मंडळात तसाच पडून राहिला. घरात चूल वेगळी झाली. पुढल्या संक्रांतीला बायकांनी नुसती नवऱ्यांची नावं घेतली, शाळेत हजेरी घेतात तशी.

कुसुमनं मागच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकलं. त्याच मशीनवर कागद ठेवून ती आता गोष्टी लिहिते. बसून लिहिणं सुखाचं असतं असं सांगणाऱ्यांना तिनं विचारावं, की अपमानाशिवाय त्यांची दौत भरते कशानं. गोष्टींत ती नावं बदलते, पण दार, ओसरी, तोंड सगळं ओळखू येतं. पहिली गोष्ट नागपूरच्या एका पुरवणीत आली, खाली 'श्रीमती कुसुम देवीदास' असं छापून. सगळा मोहल्ला तेव्हापासून तिच्यासमोर जपून बोलतो. जपूनच बोलावं.

वाचणाऱ्या बाई, वाचणाऱ्या भाऊ, तुमच्याही घरी अशी एक असेल. यंदा तिला बाहेर बोलवा, सगळ्यांच्या आधी कुंकू लावा. दया म्हणून नको. ती तुमच्या घरात कैक वर्षं गप्प बसून ऐकते आहे, आणि तिला लिहिता येतं की नाही, हे तुम्ही तिला कधी विचारलेलं नाही.