काकूंच्या नावावर

मित्रांनो, दुकानात फोनवरून पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारा छोटा डबा तुम्ही पाहिला असेल. मी तसाच एक. आता माझा रंग उडाला आहे आणि आवाजही थोडा चिरकतो. पण ज्यांच्यासाठी मला आणले, त्यांची गोष्ट सांगण्याइतका दम अजून माझ्यात आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्यासारखे हजारो होते आणि सगळ्यांचा आवाज एकच होता. माझे नशीब एवढेच, की मी पत्र्याच्या पेट्या आणि डबे बनवणाऱ्या एका दुकानात आलो. काका पत्रा कापायचे, ठोकायचे, कथील वितळवून सांधे झाळायचे. उभा जन्म हातोडीच्या आवाजात गेल्याने त्यांचे कान गेले होते. गल्ल्यावर काकू बसत. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला दिसत नाही. पण दोघे मिळून दुकान झकास चालवत. गिऱ्हाईक काय म्हणते ते काकू काकांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत. काका म्हणत, "जगात हिचा एकटीचाच आवाज येतो मला. तोही नको तेव्हा!"

मी येण्याआधी काय घडले, ते मला नंतर कळले. एका माणसाने मोठी पेटी घेतली, काकूंसमोर फोन धरला आणि म्हणाला, "हे बघा, पाठवले पैसे." काकूंना नुसता उजेड दिसला. पैसे आलेच नव्हते. संध्याकाळी काका संतापले. "दिसत नाही तर गल्ल्यावर बसतेस कशाला?"

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्याच नाहीत. मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या. खडे दिसत नव्हते, तरी निवडत होत्या.

काकांना माफी मागणे कधी जमले नाही. त्यांनी पुतणीला बोलावले. "पैसे आले की बोलणारं यंत्र असतं ना? ते बसव. आणि खातं हिच्या नावावर काढ."

"दुकान तर तुमच्या नावावर आहे, काका."

काकूंनी मागच्या खोलीतून येऊन हे कानात सांगितले, तेव्हा काका इतक्या मोठ्याने बोलले की रस्त्यावरचा माणूस वळून बघू लागला. "दुकान माझं असेल, गल्ला हिचा आहे!"

काकूंनी पदराने डोळे पुसले. "पुरे झालं. अख्ख्या गल्लीला सांगायला नको."

खाते काढणे म्हणजे काही खायचे काम नव्हते. पुतणीने कागद जमवले, दुकान काकूंच्या नावे करून घेतले, पाटीसमोर उभे राहून फोटो काढला. नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळे. ते दुरुस्त करायला पुन्हा बँकेत हेलपाटे. शेवटी ओळख पटवण्यासाठी फोनने काकूंना चेहरा दाखवायला सांगितले. काकूंना फोन कुठे आहे तेच उमगेना. काकांनी त्यांची हनुवटी धरून मान हळूच उजेडाकडे वळवली. पुतणी म्हणाली, "आता डोळ्यांची उघडझाप करा." काकूंनी केली. थोड्याच दिवसांत मी गल्ल्यावर विराजमान झालो आणि पहिल्यांदा बोललो. काकू हसून म्हणाल्या, "चला, घरात एक तरी धड बोलणारा आला!"

ते माझे सोन्याचे दिवस होते. काकू रोज मला पुसत. मी बोललो की "शाबास!" म्हणत. कोणी फोन दाखवू लागले तर ताठ बसून सांगत, "मला नका दाखवू. आमचा डबा बोलू दे." गिऱ्हाइकाच्या फोनवर काकूंचे नाव उमटे. कोणी ते वाचून दाखवले की त्या लाजत, पण पुढच्या गिऱ्हाइकाला हटकून विचारत, "नाव बरोबर आलंय ना?"

मग एका हिवाळ्यात काकूंना ताप आला. तो छातीत उतरला. त्यांना दवाखान्यात नेले, तेव्हा दार ओढताना काका म्हणाले, "दोन दिवसांत येतोच." काका आले. काकू आल्या नाहीत.

काकांनी दुकान उघडले. मी बोलत होतो, पण त्यांना ऐकू येत नव्हते. थोड्या दिवसांनी पुतणी आली. काकांना कळावे म्हणून तिने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : 'काकू गेल्यावर हे खाते चालवता येत नाही. बँकेला कळवावे लागेल.'

काकांनी वाचले. "म्हणजे तिचं नाव काढायचं?"

पुतणीने खाली मान घालून होकार दिला.

"नाही काढणार. पैसे नकोत मला."

त्यांनी माझी वायर काढली. फोनने पैसे देणारी माणसे हात हलवत परत जाऊ लागली. बिस्किटांचे ट्रे बनवून घेणारा बेकरीवाला जुना माणूस, तोही दुसरीकडे गेला. पत्रा संपला, जागेचे भाडे थकले. पुतणीने पुन्हा विषय काढला नाही. फक्त रोज जेवणाचा डबा ठेवून जाई. अखेर एके दिवशी काकांनीच तिचा हात धरला. "काढ नवं खातं. तिला हे दुकान बंद पडलेलं आवडलं नसतं."

या वेळी फोनसमोर काका बसले. पुतणीने खूण करून डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले. काकांचे डोळे एकदा मिटले ते उघडेचनात. गालांवरून पाणी वाहत राहिले. फोन म्हणत राहिला, पुन्हा प्रयत्न करा. पुतणीने फोन उपडा ठेवला आणि काकांच्या शेजारी बसून राहिली. तो चेहरा दुसऱ्या दिवशी नोंदला गेला.

आता खाते काकांच्या नावावर आहे आणि मी पुन्हा बोलतो. त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली आहे. गिऱ्हाईक पैसे पाठवू लागले की ते माझ्यावर तळहात ठेवतात. मी बोलताना थरथरतो, ते त्यांच्या हाताला कळते.

परवा एक बाई आल्या. बऱ्याच दिवसांनी गावात आल्या असाव्यात. त्यांनी डबा घेतला, फोनकडे बघतच पैसे पाठवले आणि विचारले, "नाव बदललेलं दिसतंय. काकू बऱ्या आहेत ना?"

काकांचा हात माझ्यावर होता. मी थरथरलो. काका हसून म्हणाले, "हो हो, पोचले."

बाई पिशवी सावरत निघूनही गेल्या.

मित्रांनो, मला पैशांपलीकडे काही बोलता येत नाही, नाहीतर मी त्या बाईंना हाक मारली असती. तुम्हाला येते. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासमोर क्षणभर थांबत जा. फोनमधून मान वर करा, तुमचे ओठ त्याला दिसू द्या, सावकाश विचारा, कळले नाही तर लिहून विचारा. काकू गेल्यापासून त्यांच्याविषयी दुकानात कोणीच विचारले नव्हते. त्या दिवशी एकीने विचारले, आणि काकांना ते कळलेच नाही.