गळक्या माठाने ऐकलेली अब्बा मूसाची गोष्ट

मी एक जुना माठ आहे, आणि मी गळतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पाणी भराल आणि मलाच बोल लावाल.

मित्रांनो, माझा जन्म वसईचा. ॲम्ब्रोज अंकलनी मला दुलईत गुंडाळून शारजाला, रोल्ला भागातल्या फ्लॅटवर आणलं. फ्रिज असूनही सगळे माझंच पाणी मागायचे. पुढे घर बदलताना पोटाला चीर गेली आणि माझी रवानगी बाल्कनीत, जुन्या चपलांशेजारी झाली. फार वाईट वाटलं.

शेजारच्या गिर्गिसने मला तिथून उचलून नेलं. तो इजिप्तचा कॉप्टिक ख्रिस्ती. मला मांडीवर घेऊन तो मुलांना अब्बा मूसाची, म्हणजे मूसाबाबाची, गोष्ट सांगायचा. मूसा आधी दरोडेखोर होता. वाळवंटातल्या मठात लपायला गेला आणि तिथलाच साधू झाला. राग जिंकायला त्याला कित्येक वर्षं लागली. म्हाताऱ्या साधूंचे घडे तो गुपचूप भरून ठेवायचा. असा माणूस कोणत्या माठाला आवडणार नाही?

गेल्या महिन्यात ॲम्ब्रोज अंकलच्या हॉलमध्ये प्रार्थना-गटाची बैठक बसली. आमच्यात जो वसईला जाईल, तो सगळ्यांची पार्सलं नेतो. या वेळी रॉबिन गेला होता. विमानतळावर बॅग जड झाली, म्हणून त्याने वरवर चॉकलेटं दिसणारी एक पिशवी मागे ठेवली. तिच्यात तळाशी ॲडेलिनच्या आईची औषधं होती, वसईत न मिळणारी. आता आई आयसीयूत होती. ॲडेलिन हातातल्या फोनकडे बघत बसली होती.

"असा केअरलेस माणूस ग्रुपमध्ये नको. खलास!" अंकल कडाडले. रॉबिनने मान वर केली नाही.

हे मला नंतर कळलं. निवाडा करायला गिर्गिसलाही बोलावलं होतं. तो एकदा नाही म्हणाला. दुसऱ्यांदा निरोप आला तेव्हा मला काठोकाठ भरून खांद्यावर घेऊन निघाला. माझं पाणी त्याच्यामागे सांडत होतं.

"अरे, माझं कार्पेट!" अंकल ओरडले.

"हबीबी, मैंने पीछे देखा ही नहीं," गिर्गिस म्हणाला. "एक भाई का फैसला करने अब्बा मूसा को बुलाया था। वो भी ऐसा घड़ा लेके गया। बोला, मेरे पाप पीछे गिरते हैं, मुझे दिखते नहीं। और मैं दूसरे का फैसला करूँ?"

मी कार्पेटवर टपटपत राहिलो.

अंकल ओल्या वाटेकडे बघत राहिले. "दोन किलो खजूर मी कोंबले त्याच्या बॅगेत," ते हळूच म्हणाले. "तो नको म्हणत होता."

"चॉकलेटखाली औषध आहे, हे मी त्याला सांगितलंच नाही," ॲडेलिन म्हणाली.

"आणि पिशवी राहिली, हे मी चार दिवस लपवलं," रॉबिन पुटपुटला. "लाज वाटली, ॲडेलिनताई."

तेवढ्यात ॲडेलिनचा फोन वाजला. वसईहून तिचा भाऊ होता. आईचं अजून काही सांगता येत नव्हतं. ॲडेलिनने शेजारची खुर्ची ओढली. "रॉबिन, बस. आईसाठी प्रार्थना करू."

आठवड्याने तिची आई घरी आली. अंकल आता माझी चीर बुजवायला सिमेंट आणणार म्हणतात. मित्रांनो, त्यांना कोणीतरी थांबवा. मला आहे तसाच भरा आणि बैठकीच्या दाराशी ठेवा, आत येणाऱ्या प्रत्येकाचे पाय आधी भिजतील तिथे.